हिरवळीचा मालक कोण?

मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यतींचे जे मैदान आहे ते २११ एकरांचे आहे. १८८३ सालापासून तेथे शर्यती होत आल्या आहेत. ही जमीन घोड्यांच्या मालकांची नाही आणि शर्यती भरविणाऱ्या क्लबाचीही नाही. ती राज्य सरकारची व मुंबई महानगरपालिकेची आहे. साध्या मराठीत सांगावयाचे तर तुमची आमची आहे. क्लब हा भाडेकरू. त्याचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. मुदत संपलेल्या भाडेकरूचे काय होते हे चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्या वाचकाला वकिलाने सांगण्याची गरज नाही. येथे मात्र पट्टा संपल्यावर सुमारे अकरा वर्षे वाटाघाटी चालल्या आणि २०२४ साली तोड निघाली. १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे यावयाची, व ९१ एकर पुन्हा तीस वर्षांच्या पट्ट्याने क्लबाकडेच राहावयाची, असे ठरले.

या व्यवस्थेबद्दल आम्हाला समाधान वाटते, तशी शंकाही वाटते. समाधानाची बाजू सांगणारे पुष्कळ आहेत. आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते शंकेविषयी.

या मैदानापासून पायी अर्ध्या तासाच्या आत वरळीच्या बी. डी. डी. चाळी लागतात. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात तीन तीन पिढ्या वाढल्या, शिकल्या, आणि १९५६ नंतर तेथील हजारो कुटुंबांनी बुद्धाला शरण जाऊन नवे जीवन आरंभिले. आता तेथे उंच इमारती उठत आहेत व काही कुटुंबांना नवी घरे मिळालीही आहेत. परंतु शंभर वर्षे त्या खोल्यांतील मुलांना अंगण म्हणून काय होते? जांबोरी मैदान होते, जिना होता आणि रस्ता होता. मुंबईत दर माणशी वाट्याला येणारी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते. ही सरासरी आहे, आणि सरासरीत घोड्याचे मैदान व चाळीचा बोळ एकत्र मिसळले जातात. ज्याच्या घराला गच्ची आहे, ज्याच्या सोसायटीत बाग आहे, ज्याच्या खिशात क्लबाचे सभासदपत्र आहे, त्याला सार्वजनिक उद्यानाची निकड नाही. उद्यान ही ज्याला दुसरे काहीच नाही त्याची गरज आहे. असे असता उद्यान कोठे असावे, किती असावे व त्याचा दरवाजा केव्हा उघडावा हे ठरविणारे लोक मात्र बहुधा पहिल्या वर्गातले असतात!

तुम्ही म्हणाल, हा गरीब-श्रीमंतांचा प्रश्न झाला. यात आमच्या पाक्षिकाने लिहिण्यासारखे विशेष ते काय? याचे उत्तर महाडला आहे.

चवदार तळ्याचा इतिहास आपल्या घरातील लहान मूलही सांगते. परंतु त्यातील खटल्याचा भाग बहुधा सांगितला जात नाही, आणि वकिलाच्या दृष्टीने तोच अत्यंत बोधप्रद आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालविलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत असा तो ठराव होता. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे ठरविले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी परिषदेच्या प्रतिनिधींसह तेथे जाऊन पाणी प्राशन केले. पुढची मारहाण, तळ्याची तथाकथित शुद्धी आणि नगरपालिकेची माघार हे सर्व तुम्हास ठाऊक आहे. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा व्हावयाचा होता. त्याच्या तोंडावर, १२ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. दाव्यात त्यांनी काय मागितले हे नीट लक्षात घ्या. हे तळे केवळ स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे असे न्यायालयाने जाहीर करावे, आणि अस्पृश्यांना तेथे जाण्यास कायमची मनाई करावी!

म्हणजे कालपर्यंत जे म्हणत होते की तुम्ही अस्पृश्य म्हणून पाणी बाटते, तेच न्यायालयाच्या पायरीवर म्हणू लागले की तळे आमच्या मालकीचे आहे म्हणून येऊ नका. धर्मशास्त्र न्यायालयात पुरेसे टिकेना, तेव्हा मालमत्तेचा कायदा हाती घेण्यात आला. जे तळे नगरपालिकेच्या ताब्यात, ज्याच्या चारी बाजूंनी सार्वजनिक रस्ते, ते एका रात्रीत खाजगी झाले. दावा लागताच मनाईहुकूम मिळाला आणि डिसेंबरातील सत्याग्रह तहकूब करावा लागला. हुकूम पुढे फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण त्याचे काम होऊन गेले होते. मालकीचा व वहिवाटीचा हा दावा शेवटी खोटा ठरण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला.

त्या दिवशीचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचा. (१९२२ साली अहमदाबादेस गांधींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश हेच.) निकाल आपल्या बाजूने लागला, हे खरे. परंतु तो कशावर लागला? अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासूनची आहे हे वादींना शाबीत करता आले नाही, यावर. अशी रूढी शाबीत झालीच असती तर ती न्याय्य ठरली असती काय, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध ठरली असती काय, या प्रश्नात जाण्याची न्यायालयास गरज पडली नाही. पाणी मिळाले, तत्त्व बाकी राहिले. ते तत्त्व पुढे तेरा वर्षांनी भारताच्या घटनेने सांगितले, आणि त्या दाव्यातील पहिल्या क्रमांकाचे प्रतिवादी हेच घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते.

घटनेचे कलम १५, उपकलम २ घरी मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्या. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकाने, उपहारगृहे, करमणुकीची ठिकाणे यांत मज्जाव करता येणार नाही. त्याचप्रमाणे सरकारी पैशावर पूर्णतः वा अंशतः चाललेल्या किंवा जनतेच्या वापरास वाहिलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते व लोकांच्या वावराच्या जागा यांच्या वापरासही अडथळा आणता येणार नाही. बोले ठरावाची भाषा येथे देशाच्या मूलभूत कायद्यात आलेली तुम्हाला दिसेल. उद्यान ही लोकांच्या वावराची जागा आहे, याविषयी कोणास संदेह असू नये.

मग अडचण कोठे राहिली? अडचण 'एवढ्याच कारणावरून' या शब्दांत राहिली. आज कोणत्याही उद्यानाच्या, मैदानाच्या किंवा क्लबाच्या दारावर जातीचे नाव लिहिलेले नसते. तेथे लिहिलेले असते 'फक्त सभासदांसाठी', 'फक्त रहिवाशांसाठी', 'खाजगी मालमत्ता'. या पाट्या वाचताना आम्हास महाडच्या दाव्याची भाषा आठवते. प्रत्येक खाजगी पाटीमागे जातिद्वेष असतो असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन धारण करण्याची मुभा होती त्यांच्या हाती जमीन राहिली, ज्यांना ती नव्हती ते बाहेर राहिले, आणि आता 'मालक' या निरुपद्रवी शब्दाने त्याच रेषा पुन्हा आखल्या जात आहेत, हे डोळसपणे पाहावयास हवे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा नियम, संघटनस्वातंत्र्याच्या आधारे, ग्राह्य धरला. त्या संस्थेच्या दृष्टीने काय असेल ते असो. पण सभासदत्वाच्या पाटीआड कायद्याला किती थोडे दिसते, हे त्या निकालावरून कळते.

हिरवळ राखणारा एक आणि तिच्यावर बसणारा दुसरा, ही आपली जुनी परंपरा आहे. पळवणकर बाळू यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. चांभार समाजात जन्मलेला हा तरुण गेल्या शतकाच्याही आधी पुण्यात इंग्रजांच्या क्लबात नोकरीला होता. खेळपट्टी सारखी करणे, रोलर फिरविणे, जाळ्या लावणे हे त्याचे काम आणि पगार महिना चार रुपये. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा गोलंदाज झाला की पुण्याच्या हिंदूंना त्याला संघात घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. मैदानावर त्याने स्पर्श केलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला तेव्हा याच बाळूने तेथे शंभराहून अधिक बळी घेतले. गवतावर उभे राहून सामना जिंकून देण्यास तो पात्र होता, त्या गवतालगतच्या छपराखाली बसण्यास मात्र नव्हता! त्याच काळात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यालगत पारशी, मुसलमान व हिंदू यांच्या जिमखान्यांना सरकारने जागा दिल्या. ज्यांच्या घामाने मैदाने सपाट झाली त्यांच्या नावाचा जिमखाना त्या रांगेत शोधून सापडत नाही.

हा प्रश्न आपल्याच देशाचा नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचे उंच पठार आहे. गिरण्यांच्या धुरात आठवडा काढणाऱ्या कामगारांना रविवारी तेथे फिरावेसे वाटे. पण ते पठार जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या कामगार तरुणाच्या पुढारीपणाखाली काही शेकडो माणसे पहारेकऱ्यांना न जुमानता वर चढली. सहा जणांना अटक झाली व पाच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास झाला. तो सारा मुलूख १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झाला. २००० साली कायद्याने मोकळ्या माळरानावर पायी फिरण्याचा हक्क दिला. आणि २००२ साली त्या जमिनीच्या पूर्वीच्या मालक घराण्यातील ड्यूकने झाल्या गोष्टीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. महाडच्या सत्याग्रहींपाशी आजवर कोणी दिलगिरी व्यक्त केली आहे काय, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोडतो. किंडर स्काउट व महाड यांत एक भेद मात्र विसरता कामा नये. तेथे अडविणारा फक्त जमिनीचा मालक होता. येथे अडविणारे आधी जातीचे होते आणि मालक ते नंतर झाले.

आता आमच्या शंकेकडे येतो. महालक्ष्मीच्या मैदानात सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणाऱ्यांना क्लब आत येऊ देत आला आहे. न्यायाने हे सांगितले पाहिजे. पण आत येऊ देणे म्हणजे परवानगी, आणि परवानगी व हक्क या कायद्याच्या दोन अगदी निराळ्या चिजा आहेत. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात दोहोंचा विचार केलेला आहे. परवानगी देणारा ती सामान्यतः केव्हाही परत घेऊ शकतो. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा वहिवाटीचा हक्क वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळू शकतो खरा. पण तो उपभोग हक्क म्हणून केलेला असला पाहिजे. कोणाच्या मेहेरबानीने तुम्ही शंभर वर्षे जरी ये-जा केली, तरी एकशे एकाव्या वर्षी दरवाजा बंद झाल्यास तुमच्या हाती काही राहत नाही. म्हणून नव्या उद्यानाची जागा महानगरपालिकेकडे आली एवढ्याने आम्ही निर्धास्त होत नाही. ते उद्यान कोणत्या नियमांनी चालणार? प्रवेशशुल्क असणार काय? देखभालीच्या नावाखाली त्याचा कारभार पुन्हा एखाद्या खाजगी संस्थेच्या हाती जाणार काय? अंगावरचे कपडे पाहून माणसाला अडविणारा पहारेकरी दारात उभा राहणार काय? दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखोंनी लोक येतात, आपले अन्न आपण बांधून आणतात, जमिनीवर निजतात व पुस्तके विकत घेऊन परत जातात. त्या दिवशी 'मैदान घाण होते' अशी कुरकुर करणारी काही तोंडे आपण ओळखतो. मैदान बाकीचे दिवस त्यांचे असते असा त्यांचा समज आहे.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच पुढे आणतो, कारण तो तुमच्यापुढे येणारच आहे. शहरात मोकळी जमीन सर्वांची म्हणून मागता आणि खेड्यात गायरान ही सर्वांची जमीन असताना तिच्यावर नांगर धरता, हे कसे? हा प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. त्याचे उत्तर असे की 'सर्वांचे' गायरान बहुतेक गावांत कधी सर्वांचे नव्हतेच. ज्याच्या दावणीला गुरे त्याचेच गायरान. ज्याच्या दावणीला काही नव्हते व सातबाऱ्यावर नाव नव्हते, त्या भूमिहीनाने तेथील खडकाळ तुकडा फोडून त्यावर ज्वारी काढली, तर तो पोटाचा प्रश्न आहे, करमणुकीचा नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४ साली हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले ते याच मागणीसाठी. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली अशी अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचे ठरविले. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा कडक आदेश दिला. पण भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती व जमाती यांना सरकारी अधिसूचनेने पट्टा दिलेला असल्यास अपवाद करता येईल, हेही त्याच निकालात आहे. २०२२ साली राज्यात गायरानांवरील अतिक्रमणांच्या नोटिसा निघाल्या तेव्हा निकालाचा पहिला भाग सर्वांना तोंडपाठ होता. दुसरा भाग वाचून दाखविण्याचे काम आपल्याच लोकांना करावे लागते. एका कुटुंबाच्या भाकरीचे दोन एकर आणि घोड्यांचे ९१ एकर एकाच तराजूत घालणे म्हणजे समता नव्हे.

खाजगी मालकी मुळातच वाईट असे आमचे म्हणणे नाही. नवबौद्ध कुटुंबाने चार गुंठे घेऊन घर बांधले तर त्याचा आम्हास आनंदच आहे. परंतु मालकी ही पवित्र व सर्वांच्या वरची आहे, हे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी अशी योजना मांडली. १९५५ साली चौथ्या घटनादुरुस्तीच्या वेळी राज्यसभेत बोलताना मालमत्तेविषयीच्या कलम ३१ ची जबाबदारी मसुदा समितीवर येत नाही, असे त्यांनी रोखठोक सांगितले. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला आणि आज तो कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून उभा आहे. लोकांच्या उद्यानाचे संरक्षण मात्र न्यायालयांनी एकामागून एक निकालांत केले आहे. बंगळुरूच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केले. लक्षात घ्या, दाद मागणारे त्या जागेचे मालक नव्हते. ते शेजारी राहणारे नागरिक होते, आणि तेवढे न्यायालयास पुरे झाले.

आणि जेथे जातीवरूनच अडविले जाते, तेथे हात जोडून उभे राहू नका. १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो आहेच. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या, २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, अनुसूचित जातीच्या व्यक्तीस गावाची सामाईक साधने इतरांच्या बरोबरीने वापरू न देणे किंवा सार्वजनिक जागेत येऊ न देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. धर्मांतर केल्याने हे संरक्षण गेले, अशी भीती नुकत्याच दीक्षित झालेल्या कुटुंबांना घालण्यात येते. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीविषयीचा हक्क मान्य झालेला आहे; ती भीती घालणाऱ्यास एवढे वर्ष सांगा.

परंतु फौजदारी कायदा घडलेल्या अपमानाचा विचार करतो. जमीन त्याआधीच, गाजावाजा न होता, नकाशावर जाते. प्रत्येक शहराची विकास योजना असते व तिच्यात उद्यान, क्रीडांगण, शाळा यांसाठी भूखंड राखलेले असतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ सांगते की योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि नोटिशीनंतर दोन वर्षांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होऊन जागा मालकाकडे मोकळी होते. कोणी मोर्चा काढीत नाही, कोणी लाठी चालवीत नाही. पालिकेच्या कचेरीत एक कागद बारा वर्षे पडून राहतो आणि वस्तीतील मुलांची बाग नाहीशी होते. आरक्षण बदलावयाचे असेल तर कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना राजपत्रात व वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते, आणि ज्यांच्या मुलांची बाग जावयाची असते त्यांच्यापर्यंत ती मुदत संपेपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आमची वाचकांस एक सूचना आहे. तुमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर चार माणसे निवडा; त्यांत एखादी शिकलेली मुलगी अवश्य असू द्या. त्यांनी आपल्या प्रभागाच्या विकास योजनेचा नकाशा पालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन पाहावा. तो पाहण्यास वकील लागत नाही. उद्यान किंवा क्रीडांगण म्हणून दाखविलेल्या प्रत्येक भूखंडाचा क्रमांक, योजना अमलात आल्याची तारीख, ती जागा संपादन झाली आहे की नाही, आणि मालकाची कलम १२७ ची नोटीस आली आहे काय, एवढ्या चार गोष्टी वहीत उतरून घ्याव्या. माहिती देण्यास टाळाटाळ झाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवस. मुंबईच्या वाचकांनी महालक्ष्मीच्या १२० एकरांविषयी हेच चार प्रश्न थोडे फिरवून विचारावेत: दरवाजे किती, ते कोणत्या बाजूंना उघडणार, शुल्क काय, आणि कारभार कोणाच्या हाती. वरळीच्या बाजूला दरवाजा आहे की नाही, ते आधी पाहावे.